जुना सागवानी सोफा: भंगारात, की सोफावाल्याकडे? (मुंबई)

गिरगावची चिमणी
नमस्कार मंडळी,
आमची बिल्डिंग अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करून कांदिवलीला भाड्याने जायचंय. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, म्हणजे पाच धरून चाला.

प्रश्न फर्निचरचा आहे. सागवानी सोफा, ३+१+१. हात गोल वळवलेले, बाजूला तीन समांतर रेघा कोरलेल्या. १९४० च्या आसपासचा असावा असं घरात म्हणतात. एक आरामखुर्ची, वेत मधोमध फाटलेला. इराण्याच्या हॉटेलात असतात तशा दोन खुर्च्या. शिलाई मशीनचा नुसता लोखंडी पाय. आणि आरशाचं ड्रेसिंग टेबल. भंगारवाला या सगळ्याचा मिळून जो आकडा बोलला तो इथे लिहायचीही लाज वाटते. नवरा म्हणतो विकून टाक, हप्त्यावर नवीन घेऊ. सासूबाई काही म्हणत नाहीत, नुसत्या सोफ्यावर बसून राहतात. ते त्यांचं मत समजावं.

सोफा नव्याने करून घेणं परवडतं का? मुंबईत कोण करतं? कापड कुठलं घ्यावं? घरात दोन मुलं आणि एक मांजर आहे.

लोअर परळचा बाळ्या
फोटो? फोटोशिवाय असले धागे काढायला बंदी हवी.
बाकी भंगारवाल्याला हो म्हणू नका. आमच्या चाळीतल्या एकाने शिसवी पलंग असाच देऊन टाकला होता. नंतर तसलाच पलंग चोर बाजारात मटण स्ट्रीटला दिसला, त्याची किंमत ऐकून तो आठवडाभर कोणाशी बोलत नव्हता.

सागवानी
ताई, सोफा करून घ्यावा की नाही हे फाटकं कापड आणि बसलेला फोम बघून ठरवू नका. त्या झिजायच्याच गोष्टी. ठरवायचं ते सांगाड्यावरून. (वडिलांचं लालबागला पॉलिशचं दुकान होतं, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.)

आधी दोघातिघांनी मिळून सोफा उलटा करा. बुडाला काळं किंवा मळकट कापड ठोकलेलं असेल. त्याच्या एका कोपऱ्यातल्या चुका पकडीने काढा आणि आत टॉर्च मारा. पाय आणि आडवी पट्टी जिथे मिळतात तिथे नीट बघा. पट्टीचं टोक पायात खाच करून बसवलेलं असेल, म्हणजे कुसू असेल, तर अर्धी लढाई जिंकलात. नुसता खिळा आणि त्रिकोणी ठोकळा दिसला तर सोफा बहुधा नंतर कोणीतरी उघडून जोडलेला आहे.

मग हलवून बघा. डुगडुगतोय म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या काळात सांध्यात सरस घालत, जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला. फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये, तुमचा सोफा त्याआधीचा. सरस काही दशकांनी वाळतो, तडकतो आणि सांधा सुटतो. त्यावर उपाय म्हणजे सांधा पूर्ण उघडायचा, गरम पाण्याच्या फडक्याने जुना सरस मऊ करून लाकूड दिसेपर्यंत खरवडायचा, मग फेविकॉल लावून शिकंजा रात्रभर आवळून ठेवायचा. जुना सरस तसाच ठेवून वरून फेविकॉल ओतणारे सुतार ढिगाने भेटतील. ते धरत नाही, कारण फेविकॉलला शिरायला लाकडाची छिद्रं लागतात आणि ती सरसाने आधीच बुजलेली असतात. सहा महिन्यांत सोफा पुन्हा कुरकुरायला लागतो. आणि जो म्हणेल ‘दोन खिळे मारतो, काम झालं’, त्याला चहा पाजून परत पाठवा.

राहिलं लाकूड. पायाच्या तळाला पॉलिश पोचलेलं नसतं, तिथे जरा खरवडा. सागवान आतून सोनेरी-तपकिरी निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि ताज्या चामड्यासारखा वास येतो. सालीजवळचा पांढरट पट्टा कुठे आला असेल तर तिथे टाचणीच्या टोकाएवढी भोकं शोधा, किडा तिथूनच लागतो. मधल्या गर्द लाकडाला तो सहसा शिवत नाही. भोकं दिसली तरी किडा जिवंत आहे असं लगेच धरू नका. खाली काळा कागद पसरून आठवडाभर सोफा हलवू नका. कागदावर ताजं पीठ पडलं तर औषध मारायचं. नाही पडलं तर भोकं मेणाने बुजवा आणि विसरा.

ईएमआय भरतोय
सगळं ठीक आहे, पण हिशेब करा की राव. सुतार वेगळा, पॉलिशवाला वेगळा, सोफावाला वेगळा, कापड वेगळं, फोम वेगळा, वर टेम्पो दोन वेळा. एवढ्या पैशात नवा कोरा एल शेपचा सोफा घरपोच येतो, वॉरंटीसकट. भावना वगैरे ४०० चौरस फुटांत मावत नाहीत.

सागवानी
येतो की. त्या एल शेपचं बूड कधी उघडून बघितलंय? पाईन नाहीतर जंगली लाकडाच्या पट्ट्या, त्यावर प्लायचे तुकडे, सगळं स्टेपलवर. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमट हवेत त्या पिना गंजतात आणि पट्ट्या सुटतात. असा सोफा पाच-सात वर्षांनी माझ्याकडे कोणी घेऊन आला तर मी स्वतःच सांगतो, यावर कापड चढवू नका, पैसे वाया जातील. म्हणजे जुनं ते सगळं सोनं असं माझं म्हणणं नाही. २००० नंतरचे निम्मे सोफे खरोखर भंगारात द्यायच्या लायकीचे आहेत. पण कुसूचं सागवान तोडून स्टेपलचा पाईन घरात आणणं हा हिशेब मला जमत नाही.

ईएमआय भरतोय
बरं बाबा. माझा सोफा आत्ताच उलटा करून बघितला. काही बोलायचं नाही.

लोअर परळचा बाळ्या
😂😂 फोटो टाक!

खटपट्या
फोमबद्दल लिहितो, कारण फसवाफसवी तिथेच सगळ्यात जास्त.

‘४० डेन्सिटी’ म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, बस इतकंच. म्हणजे घरच्या वजनकाट्यावर तपासता येतं. २४ × २४ × ४ इंचाची सीट घ्या. ४० डेन्सिटीची असेल तर दीड किलो भरली पाहिजे. ३२ ची भरते १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास. किलोभर भरली तर तो २८ चा फोम आहे, तो पाठीला चालतो, बुडाखाली वर्षभरात चपटा होतो. सोफावाला ४० सांगून ३२ घालतो आणि वर कापड चढलं की तुम्ही काय बघणार? म्हणून त्याला आधीच सांगून ठेवायचं की कापड चढवण्यापूर्वी फोम मी मोजणार. नुसतं एवढं म्हटलं तरी बराच फरक पडतो.

एक मात्र लक्षात घ्या, डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडक असं नसतं. कडक-मऊ हा वेगळा गुण आहे, तो बसूनच बघायचा. आणि काळ्या-निळ्या-गुलाबी ठिपक्यांचा रिबॉन्डेड फोम कोणी ‘१०० डेन्सिटी, एकदम हेवी’ म्हणून गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका. तो फोमच्या चुऱ्याचा लगदा दाबून केलेला असतो, गादीच्या तळाला ठीक, सोफ्यावर फळीवर बसल्यासारखं वाटतं.

जुन्या सोफ्यांची उंचीही मोजा. बरेच सोफे १५-१६ इंचांवर असतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठवत नाही. वयस्कर माणसांना १८ इंच बरं पडतं. फोम जाड घेतलात तर तेवढी उंची आपोआप मिळते, पाय वाढवायची गरज नाही. बसल्यावर फोम इंचभर दबतो तो हिशेबात धरा.

माहीमची मावशी
चिमणी, तुझ्या सोफ्यात आत स्प्रिंगा आहेत का? असतील तर सोफावाला पहिल्याच भेटीत म्हणणार, ‘मॅडम, स्प्रिंग निकाल के प्लाय मार देते हैं, मजबूत होगा.’ त्याला नको म्हण. जुन्या कामात खाली तागाच्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणलेल्या असतात, त्यावर स्प्रिंगा शिवून सुतळीने चारी बाजूंनी बांधलेल्या, वर काथ्या, त्यावर कापूस. आमच्याकडे उघडला तेव्हा काथ्याची अक्षरशः माती झाली होती आणि पट्ट्या कुजल्या होत्या, पण स्प्रिंगा अजून ठणठणीत. म्हाताऱ्या कारागिराने पट्ट्या नव्या लावल्या, स्प्रिंगा पुन्हा बांधल्या, आणि काथ्याच्या जागी फोमचा थर दिला. बांधताना बघण्यासारखं होतं. प्रत्येक स्प्रिंग हाताने दाबून तो कान लावायचा, कुरकुरली की गाठ सोडून परत. तरुण कारागिरांना हे काम येत नाही असं नाही, पण वेळ फार जातो म्हणून नको असतं. मजुरी सीटमागे ठरते, तेव्हा स्प्रिंगबांधणीचे वेगळे पैसे देऊ केलेस तर करतील.

आणि जुनं कव्हर फेकू देऊ नकोस. तोच तुझा पॅटर्न. शिवणी उसवून, तुकड्यांवर खडूने नंबर घालून ठेवायला सांग.

गिरगावची चिमणी
मावशी, सागवानी, खटपट्या, खूप आभार! सोफा उलटा केला. कुसू आहेत!! स्प्रिंगा पण आहेत. एक पाय डुगडुगतो. काळा कागद घातलाय. कापडाचं कोणी सांगेल का?

कापडचोपड
मी या धंद्यात आहे, पण दुकानाचं नाव सांगणार नाही, उगाच जाहिरात केल्याचा आरोप नको.

मीटर किती लागेल ते आधी. सोफ्याचं कापड बहुतेक ५४ इंच पन्ह्याचं येतं. खटपट्यांनी सांगितलेली २४ इंची सीट घेतली तर वरचा-खालचा भाग शेजारी शेजारी बसतो आणि कडेच्या पट्ट्या धरून साधारण मीटरभर जातं. पाठीच्या उशीला तेवढंच. म्हणजे एका सीटला दोन मीटर, ३+१+१ ला दहा, आणि पायपिंग, डिझाइन जुळवणं यासाठी एक-दीड वर. मीटरला ६०० रुपयांचं धरलं तरी सात हजारांच्या घरात. तुमच्या लाकडी हातांच्या सोफ्याला एवढं पुरे. कोणी अठरा मीटर सांगितलं तर उरलेल्या कापडाचं काय करणार ते हसत हसत विचारा.

टिकाऊपणासाठी कापडावर मार्टिनडेल आकडा विचारा, घासून घासून कापड किती फेऱ्या टिकतं त्याचा तो आकडा. घरासाठी २०-२५ हजार भरपूर आहे. हॉटेलवाले ४० हजार मागतात, तुम्हाला त्याची गरज नाही.

मांजर असेल तर आखूड लवेचं मखमल. आश्चर्य वाटेल, पण त्यात धाग्याचे फास नसतात, त्यामुळे नखं अडकत नाहीत. जाड विणीचं, गोणपाटासारखं दिसणारं कापड आणि ते सध्या फॅशनमध्ये असलेलं मेंढीच्या लोकरीसारखं बुकले मांजराला आमंत्रण देऊन बोलावतात. मखमलाची लव एका दिशेने असते. सगळ्या सीटांवर लव खालच्या बाजूला आली पाहिजे, नाहीतर एकाच थानातल्या दोन सीटा वेगळ्या रंगाच्या दिसतात आणि मग ग्राहक आम्हाला फोन करून शिव्या देतो.

मंगलदास मार्केटमध्ये किंवा माहीमला एल. जे. रोडवर चक्कर टाका, पण तुकडा घरी आणून संध्याकाळच्या दिव्यात बघितल्याशिवाय घेऊ नका. दुकानातले दिवे खोटं बोलतात.

ठाण्याची ठमी
लेदरेट कसं? पुसायला सोपं, दोन मुलं आहेत त्यांची.

कापडचोपड
ठमीताई, दोन जाती असतात. पीव्हीसीचं, ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो, ते घाम फोडतं आणि कालांतराने कडक होऊन तडकतं. दुसरं पीयूचं, ते हाताला अगदी मऊ लागतं आणि लोक त्यालाच भुलतात. पण त्याचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. कोरड्या गावात बरीच वर्षं जातात, मुंबईत काही वर्षांतच खवले सुटायला लागतात आणि ते खवले पॅन्टीला चिकटून ऑफिसात जातात. त्याला दुरुस्ती नाही, कितीही लोशनं लावा.

अटलांटाचा आप्पा
वाचतोय आणि जळतोय. इथे सोफ्यावर नवीन कापड चढवायचं म्हटलं तर नुसत्या मजुरीत नवा सोफा येतो, म्हणून लोक चांगले सोफे रस्त्याकडेला ठेवून देतात. घरी येऊन माप घेणारा सोफावाला ही काय चैन आहे ते तिथे राहून कळायचं नाही.

ओव्हलची पायरी
अवांतर थोडं. चिमणीताई, बाजूच्या त्या तीन समांतर रेघा बघून खुर्चीतून उठलेच. ती आर्ट डेको शैलीची खूण आहे, वेगाची रेघ म्हणतात. मरीन ड्राइव्ह, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा इथल्या १९३०-४० च्या इमारतींच्या गॅलऱ्यांवर अशाच रेघा दिसतात, बऱ्याचदा तीनच. ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, आणि त्याच घराण्यातले सोफे आपण भंगारात घालतोय.

एक सावधगिरी. त्या काळात गोलाईवर बरेचदा अखंड लाकूड नसून व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असतं. कडेला नख फिरवून थर दिसतो का बघा. व्हिनियर असेल तर पॉलिशवाल्याला घासायचं मशीन लावू देऊ नका, दोन मिनिटांत आरपार जातं. हाताने, बारीक पॉलिशपेपरने.

रंगीबेरंगी
इतकं काय ते सागवान-सागवान! मी अशा जुन्या खुर्च्यांना मस्त चॉक पेंट मारते, मिंट ग्रीन, मोहरी पिवळा. घर उजळतं. काळपट फर्निचरने लहान खोल्या अजून लहान दिसतात. सगळ्यांनाच म्युझियममध्ये राहायचं नसतं.

सागवानी
😶

सागवानी
बोलतोच. ताई, आवड तुमची, घर तुमचं. पण सागवानाच्या रेषांवर रंग गेला की तो नंतर त्या छिद्रांमधून पूर्ण कधीच निघत नाही. तुमच्या मुलीला पुढे लाकूड हवं असेल तर? रंग करायला प्लायची कपाटं पडली आहेत, लोखंडी कपाटं आहेत, आंब्याच्या लाकडाची स्टुलं आहेत. तिथे खुशाल मोहरी करा, मी ब्रश धरायला येतो.

आणि सोफा काळपट दिसतो तो लाकडामुळे नाही, पॉलिशमुळे. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. त्यावर वर्षानुवर्षांचा धूर, तेल, धूळ बसते. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा फिरवा. बोळा तपकिरी आणि चिकट झाला तर लाख आहे. मग सगळं खरवडायचीही गरज नाही, स्पिरिट आणि बारीक स्टील वूलने वरचा मळ काढला की खालून मधाळ रंग निघतो. बोळ्याला काहीच लागलं नाही तर नंतर कोणीतरी मेलामाइन किंवा पीयूचं, म्हणजे हल्लीचं रासायनिक पॉलिश मारलंय, ते काढायला जास्त मेहनत.

माझं मत विचाराल तर पुन्हा लाखच लावा. पाण्याच्या पेल्याचे पांढरे गोल उठतात हे खरं, पण ती हातानेच परत दुरुस्त होते, पीयूला ओरखडा पडला की सगळा भाग घासावा लागतो. फक्त पावसाळ्यात लावू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पॉलिश दुधाळ होतं. दसरा ते मे हा पॉलिशचा हंगाम.

रंगीबेरंगी
बरं, शिलाई मशीनचा पाय तरी रंगवू का? 😄

सागवानी
तो लोखंडाचाच आहे, रंगवाच. गंज तारेच्या ब्रशने काढून, रेड ऑक्साइड, मग रंग.

खटपट्या
त्या पायावर टेबलटॉप काय घालणार हेही सांगतो, चिमणी. तुमची बिल्डिंग पडणारच आहे ना? मग आत्ताच सोसायटीतून विचारा, दारं कोणाची. पाडकामाचा ठेकेदार जुनं लाकूड, दारं, ग्रिलं सगळं विकतो, त्याच्या हिशेबात ते धरलेलं असतं. बिल्डिंग त्याच्या ताब्यात गेली की तुमचंच दार तुम्हाला विकत घ्यावं लागेल. आधी लेखी बोलून आपल्या खोलीचं एक सागवानी दार काढून घ्या. अर्ध्या दारात मशीनच्या पायावर अभ्यासाचं टेबल होतं, उरलेल्यातून बाक. मशीनची पायाने दाबायची पट्टी हलत राहते, तेवढी एका बोल्टने बांधून टाका, मुलं बोटं घालतात.

डॉक्टर बाई
दारावर जुन्या ऑइलपेंटचे थर असतील तर थांबा. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याची खात्री नाही. घरात कोरडं घासलं की ती धूळ मुलांच्या पोटात जाते. बाहेर काम करून घ्या, पाणी मारून ओलं घासा, मुलांना लांब ठेवा. पाळण्यांबाबत तर हे दुप्पट लागू.

वेताळ
इतक्या उशिरा आलो तरी वेताची खुर्ची माझी वाट बघतेय असं दिसतं.

आरामखुर्चीच्या चौकटीला कडेने छोटी भोकं आहेत की एक सलग खाच? भोकं असतील तर ती हाताने विणलेली आहे. वेताच्या सालीची एकेक पट्टी पाण्यात भिजवून भोकांतून ओढायची, आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, मग आडव्या धाग्यांत गुंतवत, शेवटी दोन्ही तिरक्या. सहाव्या फेरीला ती अष्टकोनी जाळी उमटते. खाच असेल तर कारखान्यात विणलेली जाळी भिजवून खाचेत दाबायची आणि वर वेताची दोरी ठोकायची, ते काम पटकन होतं. आता हल्ली कारागीर भोकांच्या खुर्चीवरसुद्धा तयार जाळी चुका मारून बसवतात. होऊ देऊ नका. चौकटीला चिरा जातात आणि दोन वर्षांत जाळी कडेने फाटते. प्लास्टिकचा वेत तर नकोच, उन्हाने पिवळा पडतो आणि पाठीला चावतो.

वेत विणणं हा अंध कारागिरांचा जुना व्यवसाय आहे. भोकं आणि पट्टीचा ताण बोटांनीच कळतो, त्यामुळे त्यांची वीण डोळसांपेक्षा एकसारखी येते. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा, वेळ लागेल, पण काम वीस वर्षं बघायला नको.

नंतर काळजी एवढीच की जाळी सैल वाटली तर खालच्या बाजूने ओलं फडकं लावून रात्रभर सुकू द्या, ताणून बसते. चोवीस तास एसी चालणाऱ्या खोलीत ठेवू नका, कोरड्या हवेत वेत तडकतो.

लोअर परळचा बाळ्या
इराण्याच्या खुर्च्या राहिल्या.

वेताळ
त्या वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाच्या. हा प्रकार मिखाएल थोनेट या व्हिएन्नावाल्याने रुळवला. १८५९ ची त्याची चौदा नंबरची खुर्ची म्हणजे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या जायच्या, म्हणून ती जगभर पोचली. चिमणीताई, या खुर्च्यांचे स्क्रू दर दोन वर्षांनी आवळायचे, बाकी काही नको. वाकवलेला तुकडा मोडला मात्र तर नाक्यावरचा सुतार तो बनवू शकत नाही, तेव्हा मोडायची वाट न बघता आजच पाना घ्या. आणि बीचला वाळवी-किडा आवडतो, ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

ठाण्याची ठमी
ढेकूण?? जुन्या फर्निचरबद्दल कोणीच बोलत नाही यावर.

डॉक्टर बाई
बोलते. कारखान्यात जाण्याआधी सगळं जुनं भरण काढून तिथेच नष्ट करायचं. सांगाड्याच्या सांध्यांत आणि खिळ्यांच्या भोकांत अंडी असतात. ५० अंशांच्या वर उष्णता आतपर्यंत पोचली तर मरतात, पण गच्चीवरच्या उन्हात वरून कितीही तापलं तरी आतला फोम तेवढा तापत नाही, म्हणून नुसतं ऊन पुरत नाही. वाफेचं मशीन सांध्यांवर फिरवून घ्या, लाकूड नीट सुकल्यावरच पॉलिश. आणि ओशिवऱ्याच्या किंवा चोर बाजारातल्या जुन्या गादीदार खुर्च्या आणल्यात तर कापड तसंच ठेवून घरात घेऊ नका, कितीही सुंदर दिसलं तरी.

माहीमची मावशी
चिमणी, एक व्यवहाराचं. सोफा कांदिवलीला नेऊन मग दुरुस्तीला काढू नकोस. गिरगावातून थेट कारखान्यात आणि तिथून नव्या घरी, टेम्पोची एक फेरी वाचते. दिवाळीआधी सोफावाल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, काम घाईत उरकतात, भाव चढा असतो. दिवाळीनंतर दे. आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर नको, आणि स्प्रिंगा बांधून झाल्या की कापड चढवण्याआधी एकदा स्वतः जाऊन बस त्यावर.

आणि नव्या बिल्डिंगच्या लिफ्टची उंची मोज! तीन सीटचा सोफा उभा करून न्यावा लागतो. नाही मावला तर वॉचमन, सेक्रेटरी आणि जिना.

गिरगावची चिमणी
अपडेट. काळ्या कागदावर पीठ नाही! व्हिनियर फक्त दोन्ही हातांच्या गोलाईवर आहे, बाकी अखंड लाकूड. लिफ्टमध्ये सोफा तिरका मावतो, मोजलं. आमच्या दाराबद्दल सेक्रेटरींना पत्र दिलंय. आरामखुर्चीला भोकं आहेत, वेताळराव. नवऱ्याने खटपट्यांचा फोमचा हिशेब वाचून वजनकाटा काढून ठेवलाय, म्हणजे तो आता आपल्या बाजूला.

शेवटचा प्रश्न: ड्रेसिंग टेबलच्या आरशावर कडेने काळे डाग आलेत. काच जाड आहे, कडा तासलेल्या. सासरे त्याला बेल्जियमची काच म्हणायचे. बदलू का?

सागवानी
नको. डाग काचेवर नाहीत, मागच्या चांदीच्या मुलाम्याला ओल लागून आलेत. मुलामा नव्याने करून मिळतो, पण त्यासाठी जुना पूर्ण खरवडावा लागतो, आणि तासलेल्या कडांची जुनी काच त्यात फुटली तर तशी परत मिळत नाही. मागची फळी काढा, ओली असेल तर बदला, काच आणि फळीमध्ये थोडी फट ठेवा म्हणजे डाग पसरायचा वेग कमी होईल. बाहेरच्या भिंतीला टेबल टेकवू नका. काच पुसताना पाणी सरळ आरशावर मारू नका, ते कडेने मागे उतरतं. फडक्यावर घ्या.

रंगीबेरंगी
आणि ड्रेसिंग टेबलाचे ड्रॉवर आतून रंगवायला तरी परवानगी आहे का, सागवानीसाहेब?

सागवानी
आतून आहे. मोहरी चालेल.